ओळखीच्या आड

ज्याला जुनीं नाणीं जमविण्याचा नाद असतो, त्याच्याकडे लोक आदरानें पाहतात. कारण नाण्याला कोठें ना कोठें किंमत येतेच. तिकिटें जमविणाऱ्याला घरांतल्या मुलांची मैत्री आपोआप लाभते. पक्षी पाहणाऱ्याच्या गळ्यांत दुर्बीण असते, आणि दुर्बिणीमुळें माणसाला एक प्रकारचा भारदस्तपणा येतो. परंतु भर उन्हांत डबक्याच्या कांठीं उकिडवा बसून जो चतुर आणि टाचण्या पाहत राहतो, त्याच्या वाट्याला यांपैकीं कांहींच येत नाहीं. येणारेजाणारे थबकतात, "कांहीं हरवलें काय?" म्हणून आपुलकीनें विचारतात, आणि "नाहीं, सहज पाहतों आहें" असें उत्तर मिळालें म्हणजे अधिकच काळजीनें न्याहाळून पुढें जातात. मला हा नाद पंचवीस वर्षांचा आहे. नोकरी केली ती शाळामास्तराची, राहणें अमरावतीस, आप्तेष्ट अकोल्यास. त्यामुळें या दोन गांवांच्या दरम्यान जेथें जेथें पाणी सांचतें तेथें तेथें माझी बैठक झालेली आहे.

चतुर कोणता हें वाचकांना सांगावयास नकोच. ज्याच्या शेपटीला दोरा बांधून आपण सर्वांनीं लहानपणीं विमानें उडविलीं, तोच तो. बसतांना पंख आडवे पसरून बसतो तो चतुर, आणि बहुधा पंख पाठीवर मिटून घेते ती टाचणी. टाचणी हें नांव ज्यानें ठेविलें त्याच्या नजरेला नमस्कार केला पाहिजे. डोकें तेवढें जाड, बाकी सारी काडी. दोघांचेंही बाळपण पाण्यांत जातें. तेथें ही अळी मोठी क्रूर असते. तिचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असून भक्ष्य टप्प्यांत येतांच तो हात झटकन् पुढें येतो आणि डांसांच्या अळ्या उचलून तोंडांत घालतो. मग एके दिवशीं ती एकाद्या लव्हाळ्यावर चढते, तिची पाठ उकलते, आणि आंतून पंख घेऊन निराळाच जीव बाहेर येतो. मागें देठाला चिकटलेली रिकामी कातडी राहते. मोठ्या चतुरांच्या एकेका डोळ्यांत हजारों भिंगें असतात. पुराणांतला सहस्राक्ष इंद्र आपण ऐकून आहों. डबक्यावरचे हे सहस्राक्ष मात्र कोणाच्या खिजगणतींत नाहींत.

अकोल्यास माझे एक मेहुणे वकिली करतात. दरसाल दिवाळींत ते मला उलटतपासणीला उभे करतात. "एवढीं वर्षें पाहतां आहां, मग एकादी नवी जात सांपडली कीं नाहीं?" नाहीं म्हटलें कीं ते साक्षीदार फुटल्यासारखे प्रसन्न होतात. त्यांचा प्रश्न वाटतो तितका खोडसाळ नाहीं. शोध म्हणजे जें कोणीं पाहिलें नाहीं तें पाहणें, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. नवी जात ही कोठें तरी दुर्गम दरींत, कोणाचें पाऊल पडलेलें नाहीं अशा झऱ्यावर, कोणा भाग्यवंताची वाट पाहत बसलेली असावी, असें चित्र आपण मनांत रंगवितों. गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांतच जे शोध लागले त्यांनीं हें चित्र माझ्यापुरतें पार बदलून टाकलें.

२०१९ सालीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून एका टाचणीचें वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध झालें. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनीं तें केलें, आणि छातीच्या रंगावरून त्यांनीं तिला 'सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स' असें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०२० सालीं, याच दोघांनीं कोंकणच्या किनारपट्टीवरील एका चतुराचें वर्णन केलें. त्याचें नांव 'ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस'. २०२२ सालीं त्यांना आंबोलीचे निसर्गनिरीक्षक हेमंत ओगले येऊन मिळाले, आणि आंबोलीजवळच्या चौकुळ गांवावरून 'बर्मागोम्फस चौकुळेन्सिस' हें तिसरें नांव शास्त्राच्या यादींत दाखल झालें. चौकुळसारख्या एका खेड्याचें नांव एका चतुराच्या पंखांवर बसून जगभरच्या ग्रंथांत गेलें, ही गोष्ट मला फार गोड वाटते.

परंतु मला खरें नवल वाटलें तें पहिल्या दोहोंचें. पहिली टाचणी ज्या कुळांतली, त्याच कुळांतली एक पिवळी टाचणी साऱ्या देशांत, ज्या ज्या डबक्यांत गवत आहे त्या त्या डबक्यावर दिसते. काडेपेटींतल्या काडीएवढी लांब, छाती शेवाळी हिरवी, शेपटी हळदीसारखी पिवळी. फाब्रिसिउस नामक डॅनिश पंडितानें १७९८ सालीं तिचें नामकरण केलें आणि चोलमंडलाच्या किनाऱ्यावरून तिला 'कोरोमंडेलिआनम' हें विशेषण जोडलें. म्हणजे हिला ओळखून दोनशें एकवीस वर्षें झाल्यावर हिची एक जवळची बहीण सांपडली. दुसऱ्याची कथा तीच. कोंकणांतल्या त्या चतुराचा भाऊ 'ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा' हा तर माणसाच्या घराला इतका सरावलेला कीं तो भिंतीवर बसतो, विहिरीच्या कठड्यावर बसतो, सिमेंटच्या टाक्यांत प्रजा वाढवितो. त्याचें नांव राम्ब्यूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानें १८४२ सालीं ठेविलेलें आहे. एकशें अठ्ठ्याहत्तर वर्षें लोटल्यावर कोंकणांत त्याचा भाऊ निघाला. या नव्या जाती जंगलाच्या आड दडल्या नव्हत्या. त्या ओळखीच्या आड दडल्या होत्या.

या दुसऱ्या चतुराविषयीं वऱ्हाडच्या माणसाला विशेष आपुलकी वाटावी असें कारण आहे. आमचा मुलूख काळ्या पाषाणाचा. गाविलगडचे बुरूज, नरनाळ्याचीं टाकीं, बाळापूरची छत्री, जुन्या वाड्यांच्या विहिरी, हें सारें ज्या दगडाचें, त्या दगडाचाच रंग 'जेमिनाटा'नें अंगावर घेतला आहे. राखी पार्श्वभूमीवर काळे शिंतोडे. तो भिंतीला असा चपटून बसतो कीं हात लांबवून दगड चांचपावा तेव्हां दगडाचा एक तुकडा उडून पलीकडे जाऊन बसतो. पंखाच्या टोकाजवळ एक बारीक ठिपका असतो, दोहों बाजूंनीं पांढरा व मध्यें काळा. तेवढ्यावरून काय तो पत्ता लागतो. कोंकणचा मुलूख जांभ्याचा. सह्याद्रीच्या अलीकडे काळा पाषाण आणि पलीकडे तांबडा जांभा, हा फरक आपल्याला शाळेच्या पुस्तकांत शिकविला जातो. त्या फरकाबरोबर भिंतीवरचा पाहुणाही बदलला असेल, ही शंका येण्यास मात्र २०२० साल उजाडावें लागलें.

आतां, बहीण ती बहीण नव्हे, निराळीच आहे, हें ठरवितात तरी कसें? रंगावर भिस्त ठेवून चालत नाहीं. रंग वयाप्रमाणें पालटतो, आणि मेल्यावर तर तो राहतच नाहीं. नराच्या शेपटीच्या टोकाशीं चिमट्यासारखे अवयव असतात. टाचणीचा नर त्यांनीं मादीची मान धरतो, आणि तो चिमटा त्या त्या जातीच्या मादीला बेताचा असाच घडलेला असतो. कुलपाला किल्ली असावी तसा. म्हणून जाणता माणूस रंग पाहून थांबत नाहीं, किल्लीचे दांते पाहतो. पंखांतल्या शिरांचें जाळें मोजतो. मग पूर्वीं ज्या ज्या जातींचीं वर्णनें झालीं तीं सर्व काढून एकेकीशीं ताडून पाहतो, आणि एवढें करूनही जी कोणाशींच जुळत नाहीं तिलाच नवी म्हणतो. एक नमुना संग्रहालयांत कायमचा जपून ठेवावा लागतो. पुढें कधींही वाद निघाला तर साक्ष त्याची. हें ऐकून आमच्या वकीलसाहेबांनीं प्रथमच माझ्या छंदाला कायद्याच्या खालोखाल मान दिला.

परंतु या साऱ्या खटाटोपाच्या आधीं एक पायरी आहे, आणि ती प्रयोगशाळेंत नाहीं. "हें नेहमींचें दिसत नाहीं" असें कोणाला तरी डबक्याच्या कांठीं वाटावें लागतें. आणि नेहमींचें जो अगदीं बारकाईनें पाहत आला आहे त्यालाच तें वाटूं शकतें. ज्याला आपल्या मुलाचें अक्षर ठाऊक आहे तोच दुसऱ्याचें अक्षर ओळखतो.

आमच्या वऱ्हाडांतच याचें एक मोठें उदाहरण आहे. तें चतुराचें नसून घुबडाचें आहे, पण धडा तोच. ज्या ॲलन ह्यूमचें नांव काँग्रेसच्या संस्थापकांत आपण वाचतों, त्यानेंच १८७३ सालीं रानपिंगळ्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर कांहीं थोडे नमुने मिळाले, १८८४ नंतर तेही थांबले. जगांतल्या संग्रहालयांत मिळून सात कातडीं राहिलीं. १९१४ सालचा म्हणून जो एक नमुना एका इंग्रज कर्नलनें दाखविला होता, तो खानदेशांतले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीं १८८४ सालीं मिळविलेला, आणि कर्नलसाहेबांनीं चोरून नवीन चिठ्ठी लावलेला होता, हें पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें उघडकीस आणलें. खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर खरा मागोवा लागला. नोव्हेंबर १९९७ मध्यें, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील शहाद्याजवळ, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. एकशें तेरा वर्षांनंतर! आणि पुढच्या थोड्याच वर्षांत तो आमच्या मेळघाटांतही आढळला. मेळघाटांत तो कोठून उडून आलेला नव्हता. तो तेथेंच होता, दिवसाउजेडीं फांदीवर बसत होता. पण गांवोगांवच्या साध्या पिंगळ्याशीं त्याचें रूप इतकें जुळतें, कीं माथ्यावर ठिपके आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं मान वर करण्याची गरज कोणास वाटली नाहीं. पिंगळाच तो! त्यांत काय पाहायचें?

'हौशी' हा शब्द आपण किंचित् नाक मुरडून वापरतों. हौशी नट, हौशी गवई, म्हणजे ज्याला तिकीट काढून कोणी ऐकणार नाहीं असा. पण या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर त्याचा पाया हौशांनीं घातलेला आहे. ह्यूम हा मुलकी नोकर. हिंदुस्थानांतील चतुरांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १९३३ ते १९३६ या काळांत ज्यानें लिहून पुरा केला, तो फ्रेझर पेशानें शल्यवैद्य होता. पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शेतांवर जे पिंवळसर चतुर थव्यांनीं घिरट्या घालतात, तीच जात दर ऑक्टोबरांत मालदीव बेटांवर लाखोंनीं उतरते, आणि त्या बेटांवर तर त्यांच्या अळ्यांना लागणारें गोडें पाणी उघड्यावर जवळजवळ नाहींच! हें कोडें चार्ल्स अँडरसन यांना पडलें. ते तेथें राहणारे सागरी प्राण्यांचे अभ्यासक. चतुर हा त्यांचा विषय नव्हे. वर्षानुवर्षें तारखा टिपून ठेवून २००९ सालीं त्यांनीं असें अनुमान मांडलें, कीं हे जीव हिंदुस्थानांतून निघून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेस जात असले पाहिजेत. बोटभर लांबीचा तो प्राणी, आणि हिंदी महासागर! तेथेंही शोध लागला तो दुर्मिळ गोष्टींतून नव्हे. दरसाल घरावरून जाणाऱ्या, सर्वांच्या डोळ्यांदेखतच्या गोष्टींतून लागला.

या सर्व वार्ता वाचल्यावर माझ्या हातांत एक वही आली. अमरावतीच्या एका वस्तीपलीकडे एक तळें होतें. फार मोठें नव्हतें. उन्हाळ्यांत म्हशी बसण्यापुरतें उरे. कांठाला पाणकणसें, मध्यें कमळाच्या जातीचीं पानें. दहा वर्षें त्या तळ्याची मीं हजेरी घेतली, आणि वहींत जवळजवळ प्रत्येक पानावर एक ओळ आहे: "पिवळी टाचणी, पुष्कळ." पुढें तेथें लेआऊट पडला. ट्रकांनीं मुरूम आला, एका उन्हाळ्यांत तळें बुजलें, आणि पावसाळ्यांत जेथें पाणकणसें डोलत तेथें प्लॉटांचे दगड रोवलेले दिसले. कोणाला दोष द्यावा असा हा प्रसंग नाहीं. शहरें वाढतातच, आणि लोकांना राहावयास जागा हवीच. पण २०१९ सालची ती बातमी वाचली आणि मला वहींतल्या त्या ओळीनें रात्रभर जागें ठेविलें. "पुष्कळ" त्या सर्व पिवळ्या एकच होत्या काय? हा प्रश्न विचारण्याची बुद्धि तेव्हां जगांत कोणालाच झालेली नव्हती, आणि जेव्हां ती झाली तेव्हां उत्तर द्यावयास तळें नव्हतें. नवी जात सांपडली कीं वर्तमानपत्रांत येतें. एकादी जात सांपडण्याआधींच गेली तर तिची बातमी कोण देणार? जिला नांवच नाहीं तिचा मृत्यु नोंदवायचा तरी कोणत्या नांवानें?

म्हणून त्या पावसाळ्यापासून मी नवें शोधणें मनांतून काढून टाकलें आणि अगदीं नेहमींचें पाहण्यास पुन्हा आरंभ केला. एक भिंग घेतलें. दर्यापूरच्या वाटेवर, खारपाणपट्ट्यांत, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून पावसाच्या पाण्याचें एक जुनें तळें आहे. त्या मुलखांत विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, तेव्हां अशा तळ्याची किंमत काय हें त्या लोकांनाच ठाऊक. तेथें मी पिवळ्या टाचणीसमोर बसूं लागलों. एकेका नराच्या शेपटीचा चिमटा पाहावयाचा, कागदावर काढावयाचा, फ्रेझरच्या वर्णनाशीं ताडावयाचा, आणि तिला जशीच्या तशी उडूं द्यावयाचें. शेतमालक दोनतीन दिवस लांबून पाहत होता. शेवटीं न राहवून जवळ आला व म्हणाला, "गुर्जी, हे तं रोजचंच हाये. याच्यात पाहाले काय हाये?"

मीं त्याच्या हातांत भिंग दिलें. एवढ्याशा जिवाच्या शेपटीला चिमटा असतो, हें त्यानें आयुष्यांत प्रथमच पाहिलें. तो कांहीं बोलला नाहीं. भिंगही लवकर परत दिलें नाहीं.

चार पावसाळे झाले. त्या तळ्यावरचे जितके म्हणून नर मीं तपासले, ते सर्व फाब्रिसिउसचेच निघाले. एकही निराळा नाहीं. वकीलसाहेबांच्या दृष्टीनें दावा खर्चासह फेटाळला गेला. मला मात्र तसें वाटत नाहीं. आतां त्या वहींत "पिवळी टाचणी, पुष्कळ" एवढीच ओळ नसते. कोणत्या तारखेला, किती, कोणत्या गवतावर, चिमट्याचा आकार कसा, असें सर्व असतें. उद्यां कोणा शहाण्यानें येऊन विचारलें, कीं या तळ्यावर अमुक सालीं काय होतें, तर तळें असो वा नसो, उत्तर कागदावर सांपडेल. नव्याचा शोध हें थोड्यांचें भाग्य. जुन्याची नीट नोंद हें कोणाही हौशी माणसाला करतां येण्यासारखें काम आहे, आणि त्या नोंदीवांचून नवें हें नवें म्हणून ओळखतांच यावयाचें नाहीं.

गेल्या श्रावणांत त्या शेतकऱ्याचा फोन आला. सकाळचे सात वाजले होते. "गुर्जी, कवा येता? इथं दोन परकारचे दिसून राह्यले. एक पिवळं, अन् एक त्याच्यावानीच, पण मळकं." मी दुपारच्या आंत जाऊन पोंचलों. तो तळ्याच्या कांठीं उकिडवा बसून होता, आणि त्यानें मला बोटानें जागा दाखविली. ती त्याच जातीची मादी होती; मादीला तो हळदीचा रंग नसतो. मीं तसें सांगितलें. त्याचा चेहरा जरा उतरला, पण क्षणभरच. मग त्यानें माझ्या खिशांतलें भिंग मागून घेतलें आणि म्हणाला, "मंग हिले चिमटा नसन?"